पंचाचे पाकीट: एका कबड्डी पंचाच्या जोडउत्पन्नाचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण दक्षिण महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावचे आहे. संबंधितांची ओळख पटू नये म्हणून गाव, शाळा, मंडळे आणि काही किरकोळ तपशील बदलले किंवा गाळले आहेत. घटनांचा क्रम आणि हिशेबाचे गणित मात्र तसेच ठेवले आहे. ज्यांच्याबद्दल हे लिहीत आहे त्यांना पुढे नुसते ‘सर’ म्हटले आहे, कारण शाळेत आणि मैदानावरही त्यांना सगळे त्याच नावाने हाक मारतात. मी त्यांचा कर सल्लागार आहे. त्यामुळे यातल्या काही चुका माझ्याही आहेत आणि त्या यथास्थळ नोंदवल्या आहेत.

सर एका अनुदानित माध्यमिक शाळेत शारीरिक शिक्षणाचे शिक्षक आहेत. वय ४६. तरुणपणी जिल्ह्याच्या संघातून खेळले, गुडघा गेल्यावर पंच परीक्षा दिली आणि गेले सोळा हंगाम पंचगिरी करत आहेत. कबड्डीचा सामना चालवायला एक सरपंच, दोन पंच, एक गुणलेखक आणि दोन सहायक गुणलेखक लागतात. आमच्या भागात दिवाळीनंतर सुरू झालेला हंगाम थेट मे महिन्यापर्यंत चालतो आणि त्या काळात गावोगावची मंडळे प्रकाशझोतातल्या तीन-चार दिवसांच्या स्पर्धा भरवतात. चांगल्या पंचाला या दिवसांत शनिवार-रविवार मोकळा मिळत नाही.

पैसे देण्याची रीत ठरलेली आहे. शेवटच्या रात्री बक्षीस समारंभ उरकला, चषक आणि रोख बक्षिसे वाटून झाली, की पंचप्रमुख एकेकाला मंडपाच्या मागे बोलावतात. तिथे मंडळाचे खजिनदार खुर्चीवर व्हाउचरचे पुस्तक घेऊन बसलेले असतात. सही करायची आणि पाकीट घ्यायचे. रात्रीचा दीड वाजलेला असतो, परतीची गाडी चालू असते, आणि व्हाउचरवर काय लिहिले आहे हे सहसा कोणी वाचत नाही. पाकिटात प्रवासखर्च आणि मानधन एकत्रच असते. किती कशाचे, हे सांगितले जात नाही.

सरांची एक सवय पुढे फार उपयोगी पडली. शाळेकडून मिळणाऱ्या वार्षिक दैनंदिनीत ते प्रत्येक स्पर्धेची नोंद ठेवत: तारीख, गाव, किती सामने, अंतिम सामन्याचा गुणफलक, मोटारसायकलचे किलोमीटर किंवा एसटीचे भाडे. पानाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘पा. ५’ किंवा ‘पा. ३½’ असे लिहिलेले असे. पा. म्हणजे पाकीट आणि आकडा हजारांत. हा हिशेब करासाठी ठेवलेला नव्हता. पुढच्या वर्षी त्याच मंडळाने बोलावले तर मागच्या वेळी किती दिले होते हे आठवावे, एवढाच हेतू होता.

अडचण कशी समोर आली

आर्थिक वर्ष २०२३-२४ मध्ये सरांनी गावोगावच्या ११ स्पर्धा केल्या आणि त्यांतून रोख ५७,५०० रुपये मिळाले. शिवाय एका खासगी आयोजकाच्या सहा दिवसांच्या लीगसाठी ३६,००० रुपये ठरले होते. ते बँकेतून आले आणि त्यातून दहा टक्के, म्हणजे ३,६०० रुपये, उद्गम करकपात (टीडीएस) झाली. याचे कारण असे की केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने २१ ऑगस्ट २००८ च्या अधिसूचनेने खेळाडू, पंच, प्रशिक्षक, समालोचक वगैरेंच्या कामाला कलम १९४जे पुरते ‘पेशा’ ठरवले आहे, आणि त्या वर्षी एका देणाऱ्याकडून वर्षभरात ३०,००० रुपयांहून अधिक गेले की कपात करणे बंधनकारक होते. (ही मर्यादा १ एप्रिल २०२५ पासून ५०,००० झाली. या लेखातली कलमे १९६१ च्या आयकर कायद्यातली आहेत. १ एप्रिल २०२६ पासून लागू होणाऱ्या २०२५ च्या कायद्यात क्रमांक वेगळे आहेत.)

जुलै २०२४ मध्ये शाळेतल्याच एका ओळखीच्या लिपिकाने नेहमीप्रमाणे फॉर्म १६ (शाळेने दिलेला पगार आणि करकपातीचा दाखला) वरून सरांचे आयटीआर-१, म्हणजे पगारदारांचे साधे विवरणपत्र, भरून दिले. पगाराशिवाय काहीही दाखवले नाही. मात्र फॉर्म २६एएस मध्ये, म्हणजे आपल्या नावे कापलेल्या कराच्या उताऱ्यात, ३,६०० रुपयांची जादा कपात दिसत होती, ती त्याने परताव्यासाठी मागितली आणि तेवढी रक्कम सप्टेंबरात सरांच्या खात्यावर आलीही. म्हणजे ज्या उत्पन्नावर कर कापला गेला ते उत्पन्न जाहीर झालेच नाही आणि कापलेला कर तेवढा परत घेतला गेला. सरांना यात काही वावगे वाटले नाही. ‘कापलेले पैसे परत मिळाले’ एवढेच त्यांना कळले होते.

डिसेंबर २०२४ मध्ये प्रत्यक्ष कर मंडळाने वार्षिक माहिती विवरण, म्हणजे एआयएस, आणि भरलेले विवरणपत्र यांतल्या तफावतींबाबत करदात्यांना ई-मेल आणि एसएमएस पाठवण्याची मोहीम सुरू केली. ती आर्थिक वर्ष २०२३-२४ आणि २०२१-२२ साठी होती. सरांना आलेला संदेश साधा होता: तुमच्या नावे नोंदलेला एक व्यवहार विवरणपत्रात दिसत नाही, तपासा आणि हवे तर सुधारणा करा. ती नोटीस नव्हती. तरीही २४ डिसेंबरला सर माझ्याकडे आले तेव्हा हातात चार वर्षांच्या दैनंदिन्या होत्या आणि चेहरा उतरलेला होता.

त्यांचे पहिले वाक्य असे होते: “साहेब, हे मानधन आहे, वरकमाई नाही.” मला हे वाक्य महत्त्वाचे वाटते. मराठीत वरकमाई म्हटले की टेबलाखालचा पैसा डोळ्यांसमोर येतो, त्यामुळे सरळ माणूस आपल्या जोडउत्पन्नाला तो शब्द लावू देत नाही आणि मानधन म्हणतो. मग मानधनातल्या ‘माना’मुळे ते उत्पन्न आहे ही गोष्टच मागे पडते. आयकर कायद्याला मान कळत नाही. एखाद्या कामाबद्दल मिळालेला मोबदला आणि त्यातून त्या कामासाठी झालेला खर्च वजा जाता उरणारी रक्कम, एवढेच तिथे पाहतात. दुसरा गैरसमज कपातीबद्दलचा. ३०,००० ची मर्यादा देणाऱ्याने कपात केव्हा करायची हे सांगते; त्याखालची रक्कम करमुक्त आहे असे ती सांगत नाही. आणि दहा टक्के कापले म्हणजे कर मिटला असेही नाही, कारण सरांच्या उत्पन्नाचा वरचा भाग २० टक्क्यांच्या टप्प्यात होता.

समोरचे पर्याय

काहीच न करणे हा पर्याय पाच मिनिटांत बाद झाला. एआयएसमधली नोंद पुसली जाणार नव्हती, आणि उत्पन्न कमी दाखवल्याबद्दल कलम २७०ए खाली करावर ५० टक्के, चुकीची माहिती देऊन लपवल्याचे ठरले तर २०० टक्के दंडाची तरतूद आहे.

दुसरा पर्याय खरा मोहाचा होता: फक्त बँकेतून आलेले ३६,००० दाखवून सुधारित विवरणपत्र भरायचे आणि रोख पाकिटांबद्दल गप्प बसायचे. विभागाला जेवढे दिसते तेवढे जुळले असते. माझ्याकडे येणाऱ्या दहांतले बरेच जण हाच मार्ग धरतात, हे मी लपवत नाही. पण सुधारित विवरणपत्रावर सही करताना ‘माझ्या माहितीप्रमाणे हे पूर्ण आणि खरे आहे’ असे प्रतिज्ञापन असते, आणि आता सरांना माहीत नव्हते असे म्हणायची सोय उरली नव्हती. जुलैतली चूक अज्ञानाची होती. जानेवारीतली चूक जाणूनबुजून केलेली ठरली असती.

तिसरा पर्याय शेजारच्या जिल्ह्यातल्या एका क्रिकेट पंचाने सुचवला होता. कलम ४४एडीए घ्या, निम्मे उत्पन्न दाखवा, हिशेब कोणी विचारत नाही. ९३,५०० चे निम्मे म्हणजे ४६,७५०. ऐकायला सोपे होते, पण हे कलम कायद्यात नेमून दिलेल्या पेशांपुरते आहे: वकील, डॉक्टर, अभियंते, वास्तुविशारद, सनदी लेखापाल इत्यादी. पंचांचा समावेश २००८ च्या अधिसूचनेने झाला तो फक्त १९४जे च्या कपातीसाठी. त्या अधिसूचनेच्या आधाराने ४४एडीए चा लाभ घेणे मला टिकाऊ वाटले नाही.

चौथा पर्याय म्हणजे सगळे दाखवायचे: रोख, बँक आणि मागची वर्षेसुद्धा.

जीएसटीची भीती सरांच्या मनात होती, ती लगेच दूर झाली. सेवांसाठीची २० लाखांची मर्यादा त्यांच्यापासून कोसभर दूर होती, आणि मान्यताप्राप्त क्रीडा संस्थेच्या स्पर्धेत त्या संस्थेसाठी पंच म्हणून दिलेली सेवा तशीही करमुक्त आहे.

पहिला निर्णय: रोख रक्कम

सरांनी विचार करायला एक रात्र घेतली आणि दुसऱ्या दिवशी सगळे दाखवायचे ठरवून आले. कारण त्यांनी फार मोठे सांगितले नाही. चढाई करणाऱ्याचा पाय राखीव क्षेत्रात झटापटीआधी पडला की नंतर, यावर ते रोज पाच-सहाशे माणसांच्या आरडाओरड्यात निर्णय देतात; प्रेक्षकांना दिसले नाही म्हणून बाद खेळाडू आत राहत नाही. “तिथे एक आणि इथे एक, असे मला जमणार नाही,” एवढेच ते म्हणाले.

मला मात्र त्यांना एक गोष्ट स्पष्ट सांगावी लागली. हा निर्णय त्यांच्यापुरता राहणार नव्हता. मंडळे सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली असतात, त्यांचे हिशेब तपासले जाऊन धर्मादाय कार्यालयात जातात, आणि सरांनी रक्कम जाहीर केली की ती मंडळाच्या व्हाउचरशी जुळली पाहिजे. त्यांच्याबरोबर त्याच मंडपात पाकीट घेणारे आणखी पाच-सहा पंच होते, आणि त्यांपैकी कोणी ते दाखवत असेल असे सरांनाही वाटत नव्हते.

दुसरा निर्णय: कोणत्या शीर्षाखाली

हा या प्रकरणातला सर्वांत किचकट भाग होता.

सोळा वर्षे, परीक्षा उत्तीर्ण होऊन, दर हंगामात नियमाने केलेले काम हे तर्काने पाहता ‘व्यवसाय किंवा पेशापासूनचे उत्पन्न’ होते. त्यासाठी आयटीआर-३ भरावे लागले असते. पण २०२३-२४ पासून नवी करप्रणाली, जिच्यात बहुतेक वजावटी मिळत नाहीत, हीच मूळ प्रणाली (दुसरी निवडली नाही तर आपोआप लागू होणारी) झाली आहे आणि व्यवसायाचे उत्पन्न असणाऱ्याला जुनी प्रणाली हवी असेल तर फॉर्म १०-आयईए मुदतीत, म्हणजे ३१ जुलै २०२४ पर्यंत, भरलेला असावा लागतो. सरांनी तो भरला नव्हता. नुसत्या पगारदाराला त्याची गरज नसते, विवरणपत्रातच पर्याय निवडता येतो. सरांचा पगार १०,८०,००० रुपये होता. जुन्या प्रणालीत प्रमाणित वजावट ५०,०००, व्यवसाय कर २,५००, गृहकर्जाचे व्याज १,८०,०००, कलम ८०सी खालच्या बचतीचे दीड लाख आणि आरोग्य विम्याचे २०,००० वजा जाऊन करपात्र उत्पन्न ६,७७,५०० होते आणि कर ४९,९२०.

पंचगिरीच्या ९३,५०० मधून आम्ही २१,५०० खर्च धरला: प्रवास १६,८०० आणि शिट्टी, गणवेश, उजळणी वर्गाचे शुल्क वगैरे ४,७००. सरांनी नवे बूटही लिहिले होते. तेच बूट ते शाळेतही घालत, म्हणून मी ते काढायला लावले. निव्वळ उत्पन्न ७२,००० आले. ते जुन्या प्रणालीत मिळवले की एकूण कर ६४,८९६ होत होता. पेशाचे उत्पन्न म्हणून नव्या प्रणालीत गेलो तर ७८,३१२. म्हणजे शीर्ष बदलल्याने १३,४१६ रुपयांचा फरक पडत होता, आणि तो पंचगिरीवरचा कर नव्हता, तर गृहकर्ज आणि विम्याच्या वजावटी गमावल्याचा होता.

‘इतर स्रोतांपासूनचे उत्पन्न’ हा दुसरा मार्ग होता. त्यात आयटीआर-२ भरायचे, कलम ५७ खाली प्रत्यक्ष खर्च वजा करायचा, आणि मूळ विवरणपत्र मुदतीत भरलेले असल्याने जुनी प्रणाली कायम राहत होती. या बाजूने म्हणण्यासारखे मुद्दे होते: मुख्य उपजीविका पगाराची आहे, सर जाहिरात करत नाहीत, दर ठरवत नाहीत, बोलावले तर जातात, आणि वर्षातले एकूण दिवस चाळिशीच्या आतबाहेर आहेत. मी माझ्याहून ज्येष्ठ अशा एका व्यावसायिकाला विचारले. त्यांचे मत पडले की हे सरळ पेशाचे उत्पन्न आहे आणि तेच दाखवावे.

शेवटी आम्ही ‘इतर स्रोत’ हे शीर्ष घेतले. माझे कारण मी लेखी टिपणात नोंदवून फाइलला लावले, आणि सरांना सांगितले की विभागाने हे अमान्य केले तर तेरा-चौदा हजार आणि त्यावरचे व्याज भरायची तयारी ठेवा. उत्पन्नाची रक्कम पूर्ण आणि उघड होती. मतभेद होता तो वर्गीकरणाचा. तरीही प्रामाणिकपणे सांगायचे तर हा युक्तिवाद मला आजही पूर्ण पटलेला नाही. तेरा हजारांचा फरक नसता तर मी हेच शीर्ष सुचवले असते का, या प्रश्नाचे उत्तर ‘बहुधा नाही’ असे आहे.

तिसरा निर्णय: व्हाउचरवरचे ९,०००

सरांनी आठ मंडळांना आणि संस्थांना फोन करून मिळालेल्या रकमेचा लेखी दाखला मागितला. तिघांनी दिला, चौघांनी ‘बघू’ म्हटले. आठव्या मंडळाच्या खजिनदाराने व्हाउचरचा फोटोच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला.

तो फोटो मी मोठा करून पाहिला. रसीद तिकिटावर आडवी मारलेली सरांची सही निळ्या शाईची होती. वरची रक्कम, ‘नऊ हजार फक्त’, काळ्या शाईची आणि वेगळ्या अक्षरातली होती. सरांच्या दैनंदिनीत त्याच तारखेला ‘पा. ५’ असे होते. पाच हजारांपर्यंतच्या पावतीला रसीद तिकीट लागत नाही, त्यामुळे कोऱ्या व्हाउचरवर आधीच तिकीट लावून ठेवले होते हे उघड दिसत होते.

सर चिडून त्या गावी जायला निघाले होते. मी त्यांना थांबवले आणि आधी पंचप्रमुखांना विचारायला सांगितले. त्यांच्याकडून कळले ते असे: त्या स्पर्धेत दोन तरुण सहायक गुणलेखक होते, त्यांना प्रत्येकी दोन हजार दिले गेले, पण ते अंतिम सामना संपताच शेवटच्या एसटीने निघून गेले होते. त्यांची सही राहिली म्हणून खजिनदारांनी ती रक्कम सरांच्या व्हाउचरमध्ये मिळवली. पैसे कोणी खाल्ले नव्हते. पण कागदावर सरांनी नऊ हजार घेतले होते आणि त्याखाली त्यांची सही होती.

पाच दाखवावेत की नऊ? नऊ दाखवले असते तर कागद जुळला असता, वाद टळला असता आणि सरांवर जेमतेम आठशे-साडेआठशे रुपये जादा कर पडला असता. सरांना आधी तेच बरे वाटले. वर्षानुवर्षे बोलावणाऱ्या मंडळाशी कशाला वाकडे घ्या. मी याला विरोध केला. न मिळालेले उत्पन्न जाहीर करणे म्हणजे खोट्या कागदाला दुसऱ्या कागदाची साक्ष देणे होते, आणि पुढच्या वर्षी हीच सोय मंडळाने पुन्हा वापरली असती. सरांनी पाच हजारच दाखवले आणि मंडळाला साध्या भाषेत पत्र लिहिले की माझ्या व्हाउचरमध्ये इतर दोघांची रक्कम आली आहे, कृपया त्यांच्या स्वतंत्र पावत्या घेऊन नोंद दुरुस्त करावी. त्या पत्रात त्यांनी एक वाक्य स्वतःहून घातले: रक्कम न भरलेल्या व्हाउचरवर मी सही केली, ही माझी चूक आहे.

प्रत्यक्ष काय केले

सुधारित विवरणपत्राची मुदत ३१ डिसेंबरला संपत होती. मुंबई उच्च न्यायालयात कलम ८७ए च्या सवलतीवरून चाललेल्या याचिकेच्या निमित्ताने निवासी व्यक्तींसाठी ती १५ जानेवारी २०२५ पर्यंत वाढली, आणि आम्हाला कागद जमवायला दोन आठवडे मिळाले. १३ जानेवारीला आयटीआर-२ दाखल झाले. जादा कर आणि परत आलेला परतावा मिळून १४,९७६ रुपये भरायचे होते. अग्रिम कर न भरल्याचे व्याज धरून एकूण १६,६७८ रुपये सरांनी भरले.

मागच्या दोन वर्षांसाठी कलम १३९(८ए) खाली अद्ययावत विवरणपत्रे भरली. २०२२-२३ मध्ये निव्वळ ३७,५०० रुपये निघाले; त्यावर कर ७,८०० आणि करनिर्धारण वर्ष संपून बारा महिने होण्याच्या आत भरल्याने २५ टक्के जादा, म्हणजे एकूण ९,७५०. २०२१-२२ हे करोनाचे वर्ष, स्पर्धा दोन-तीनच झाल्या होत्या. निव्वळ १०,५०० वर २,१८४ कर आणि दुसरे वर्ष असल्याने ५० टक्के जादा धरून ३,२७६. तेव्हाच्या नियमाप्रमाणे या वर्षाची मुदत ३१ मार्च २०२५ ला कायमची संपणार होती. त्याआधीच्या वर्षांसाठी तोवर दार बंद झाले होते. (२०२५ च्या वित्त कायद्याने ही मुदत ४८ महिन्यांपर्यंत वाढवली, पण तिसऱ्या आणि चौथ्या वर्षासाठी जादा कर ६० आणि ७० टक्के आहे.)

शाळेचा प्रश्न सरांनी स्वतः सोडवला. नेमणूकपत्रात मोबदला मिळणाऱ्या बाहेरच्या कामासाठी लेखी पूर्वपरवानगीची अट होती, आणि सोळा वर्षे सगळे तोंडी चालले होते. विवरणपत्रातली माहिती आपोआप शाळेकडे जात नाही हे मी त्यांना सांगितले, तरी त्यांनी अर्ज केला. मुख्याध्यापिकाबाईंनी विचारले, “सर, आत्ताच का?” त्यांनी खरे कारण सांगितले. परवानगी मिळाली, पण शाळेच्या दिवशी जायचे असेल तर स्वतःच्या खात्यातली रजा टाकायची, या अटीवर. आधी त्यांना मोठ्या स्पर्धांसाठी कर्तव्यावर धरले जात असे. ती सोय गेली.

काय झाले

विभागाकडून काहीही विचारणा आली नाही. सुधारित विवरणपत्रावर प्रक्रिया होऊन रक्कम जुळल्याचे कळवले गेले.

मैदानावरची गोष्ट वेगळी होती. ज्या मंडळाला पत्र गेले त्यांनी २०२५ च्या हंगामात सरांना बोलावले नाही, आणि त्याच पट्ट्यातल्या आणखी दोन मंडळांनीही नाही. कारण कोणी बोलून दाखवले नाही. “या वेळी नव्या पोरांना संधी देतोय” एवढेच उत्तर मिळाले. ११ च्या ८ स्पर्धा झाल्या. सहकारी पंचांपैकी एकाने त्यांना तोंडावर ‘हरिश्चंद्र’ म्हटले. दुसरे दोघे मात्र गुपचूप माझ्याकडे आले आणि त्यांतल्या एकाने आपली दोन वर्षे दुरुस्त करून घेतली.

पंचप्रमुखांनी एक बदल केला. आता ते स्वतःचे पावतीपुस्तक बाळगतात, रक्कम आधी लिहितात, मग सही घेतात आणि एक प्रत पंचाला देतात. सगळी मंडळे हे मानतात असे नाही.

२०२४-२५ साठी आम्ही शीर्ष बदलले. नव्या प्रणालीतली प्रमाणित वजावट ७५,००० झाली, टप्पे सैल झाले, आणि सरांना तीच प्रणाली तीन-साडेतीन हजारांनी स्वस्त पडली. त्यामुळे अडथळा राहिला नाही आणि पंचगिरी पेशाचे उत्पन्न म्हणून आयटीआर-३ मध्ये दाखवली.

वेगळे काय करता आले असते

जुलै २०२४ मध्येच फॉर्म २६एएस मधली १९४जे ची ओळ पाहून कोणीतरी एक प्रश्न विचारायला हवा होता: ही कपात कशाची? लिपिकाने तो विचारला नाही आणि सरांनी सांगितला नाही. तेव्हाच कळले असते तर १०-आयईए वेळेत भरता आला असता आणि शीर्षाचा पेच उद्भवलाच नसता.

सरांनी मंडळांना दाखले मागण्याआधी पंचप्रमुखांशी बोलायला हवे होते. आठ फोन एका संध्याकाळी गेले, त्यामुळे ‘सर आयकराला कळवणार’ अशी बातमी दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या टपऱ्यांवर पोहोचली. दाखले हवेत ते स्वतःच्या विवरणपत्रासाठी, हे सांगायला त्यांना नंतर महिना लागला.

माझी चूक अशी की पहिल्या भेटीत मी दैनंदिन्या पाहिल्या, रकमा मांडल्या, पण ‘तुम्ही कशावर सही केली आहे?’ हे विचारले नाही. रोख उत्पन्नाच्या प्रकरणात मिळालेल्या रकमेइतकाच सही केलेला कागद महत्त्वाचा असतो हे मला फोटो आल्यावर सुचले. आधी विचारले असते तर मंडळाशी गाठ पत्राऐवजी समोरासमोर बसून सोडवता आली असती, आणि कदाचित तीन स्पर्धा गेल्या नसत्या.

त्या दोन सहायक गुणलेखकांचे पुढे काय झाले हेही नोंदवतो. मंडळाने मार्चअखेरीस दोघांना बोलावून प्रत्येकी दोन हजारांच्या पावत्या घेतल्या आणि सरांच्या व्हाउचरवर दुरुस्तीची नोंद केली. एकजण अजून महाविद्यालयात शिकतो. त्याचे उत्पन्न करमर्यादेच्या खूप खाली आहे. दुसरा पतपेढीत नोकरीला आहे. त्याने आपल्या सगळ्या पाकिटांची यादी करून मला पाठवली, पण ती आठवणीवरून केली होती, आणि तिच्यातले आकडे सरांच्या दैनंदिनीशी तीन ठिकाणी जुळत नव्हते.